तोंडातला श्वास

पंचफुलाबाईच्या घरात एकच कायदा होता आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. कोणाचं उष्टं खायचं नाही आणि कोणाला उष्टं द्यायचं नाही. आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं, उष्टं कोण खातं? अहो, सगळी दुनिया खाते! दोस्ताच्या हातातला अर्धा जांब हिसकून खाते, एका कपातला चहा दोघं पितात, लेकराच्या ताटात उरलेला भात आई तिथंच बसून संपवते. पंचफुलाबाईच्या घरात यातलं काही चालत नसे. ताटात उरलं तर कोंबड्यांना जाई, माणसाच्या तोंडात जात नसे.

त्याला कारण होतं. ती लहान असताना तिची आई टोपलं घेऊन गावात फिरे. कुणाकडे लग्न झालं, तेरवी झाली, की पंगत उठल्यावर पत्रावळीवर राहिलेलं त्या टोपल्यात पडे. मग छप्पन साली तिचा बाप नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि आल्या आल्या त्यानं ते टोपलं उचलून चुलीत घातलं. वर्षानुवर्षांचं वरण-भाजी प्यालेलं बांबूचं टोपलं, धड पेटेना. नुसतं धुपत राहिलं. बाप फुंकणी घेऊन बसला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण राख होईपर्यंत उठला नाही. पंचफुला तेव्हा एवढीशी पोर. "त्या धुराची आण हाय तुमाले," असं ती पुढे आपल्या लेकरांना सांगे, आणि सांगताना तिचा आवाज असा काही कडक होई की लेकरं जेवताना एकमेकांच्या ताटाकडे बघतसुद्धा नसत.

अश्वजित तिचा थोरला. भलता हट्टी! आईनं सांगितलं ते त्यानं असं अंगात भिनवलं की शाळेत कुणी चावलेली बोरं पुढं केली तर हा हात मागे बांधून उभा राही. लग्नात घास भरवायची वेळ आली, नव्या नवरीनं, ममतानं, जिलेबीचा तुकडा आधी स्वतः चाखून लाडानं पुढं केला, तर हा गडी भर मांडवात म्हणतो, "दुसरी दे, कोरी." ममता सहा महिने त्या जिलेबीवरून त्याला टोचत होती. टोचणारच की.

आर्णीच्या अलीकडे खडकी म्हणून गाव आहे, तिथला हा. धंदा विहिरीचा. म्हणजे विहीर खणायचा नव्हे. विहिरीत पडलेलं काढायचा. कुणाची मोटर सुटली, कुणाचा फुटवॉल्व गाळात रुतला, कुणाची सोन्याची पोत पाणी शेंदताना गेली, की अश्वजितला बोलावणं यायचं. छाती भरून श्वास घ्यायचा, दगड धरून तळाला जायचं, चाचपायचं, दोर बांधायचा आणि वर. त्याच्यासारखा दम कोंडून धरणारा त्या पट्ट्यात दुसरा नव्हता. वर उभी असलेली माणसं घाबरून देवाचं नाव घेऊ लागत, तेव्हा कुठं याचं डोकं पाण्याबाहेर येई.

मग ती वर्षं आली. कापसाचा भाव पडला, बोंडअळीनं उभं पीक पोखरलं, जिनिंगचे भोंगे थंडावले. नव्या मोटरी कोणी घेईना, मग त्या पडणार तरी कुठून! अश्वजितला बोलावणं येतच राहिलं, पण ते मोटरीसाठी नसे. पोलीस पाटील सायकलवर दारात उभा राहिला, तोंडातून शब्द काढला नाही, की ममता आतूनच ओळखायची. कोणाच्या तरी विहिरीत कोणीतरी आहे. अश्वजित जायचा, काढायचा, घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्यानं काढलेल्यांत एकही जिता नव्हता. एकही नाही! आपण पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि पोचलो तरी एका श्वासात किती शोधणार, या विचारानं त्याचं डोकं भणभणून जाई. रागच येई त्याला, स्वतःच्या छातीचा राग.

आणि अशात बबनराव गावात आले. बबनराव मूळचे नेरचे, नौदलात पाणबुड्या म्हणून उभी हयात काढलेले, रिटायर होऊन धरणांच्या फाटकांची कामं घेणारे. खडकीच्या वरच्या अंगाला जे धरण आहे त्याचं एक फाटक बसत नव्हतं. का बसत नव्हतं ते ऐका. त्या साली अळीनं खाल्लेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, लोकांनी वैतागून उपटली आणि नाल्याच्या काठाला फेकली. पावसाळ्यात नाला फुगला, सगळ्या पऱ्हाट्या वाहत धरणात गेल्या आणि भिंतीच्या पोटातल्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन फाटकाच्या खाचेत गच्च बसल्या. खालचं दुसरं फाटक लावून पाणी कसंबसं अडवलं होतं, पण तेही गळत होतं. वरचं फाटक बसल्याशिवाय खालचं दुरुस्त करता येईना. कोणीतरी खाली उतरून, जाळीच्या आत शिरून, त्या पऱ्हाट्या कापून काढायला हव्या होत्या. बबनरावांना दोन दमदार पोरं पाहिजे होती. अश्वजितनं हे ऐकलं आणि चप्पल न घालताच पळाला.

"टाकी लावून खाली किती वेळ ऱ्हाता येते, सर?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"काम होईस्तोवर," बबनराव म्हणाले.

झालं! त्याच क्षणी अश्वजितनं ठरवलं, हे शिकायचं. मरू तेव्हा मरू, पण शिकायचं.

दुसरा गडी राजकुमार, धरणाच्या पलीकडच्या तांड्यावरचा, किसनसिंगचा पोरगा. धरणाच्या पाण्यातच लहानाचा मोठा झालेला. अश्वजित जितका घुम्या, तितका हा बडबड्या. पाण्यात तोंड बंद ठेवावं लागतं म्हणून वर आल्यावर दुप्पट बोलायचा. घरी आईला 'याडी' म्हणायचा आणि पंचफुलाबाईला पहिल्याच दिवशी 'मावशी' म्हणून मोकळा झाला. सरावाला जागा म्हणून बबनरावांनी खडकीचीच एक मोठी, पायऱ्यांची विहीर निवडली. तिथं या दोघांची जोडी लागली.

आता त्या सामानाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाठीवर दोन टाक्या. त्यांतून दोन नळ्या निघतात. एक चांगली लांब, माणसाच्या उंचीहून लांब; तिच्या टोकाचं रबरी तोंड आपण तोंडात धरायचं आणि त्यातून श्वास घ्यायचा. दुसरी नळी आखूड, वीत-दीड वितीची. तिचं तोंड रबराच्या दोरीनं गळ्यात, हनुवटीखाली, लटकलेलं. राजकुमार या रबरी तोंडांना चोखणी म्हणायचा. तोंडातली चोखणी आणि गळ्यातली चोखणी. बबनराव चिडायचे, पण पुढे तेही तेच म्हणू लागले.

"टाकीतल्या हवेचे तीन वाटे करा," बबनरावांनी सांगितलं. "एक जायले, एक यायले, आन तिसरा जोडीदाराचा. तो तुह्या पाठीवर असला तरी तुहा नाही. जोडीदाराची हवा गेली, तर तुह्या तोंडातली चोखणी काढून त्याले द्यायची, आन गळ्यातली तू घ्यायची. समजलं?"

अश्वजितनं लगेच विचारलं, "तोंडातली काहून, सर? गळ्यातली कोरी असते ना."

"कोरी हाय म्हणूनच! तोंडातली चालू हाय हे तुले माहीत हाय, तू तिच्यातूनच जगून राह्यला. गळ्यातली चालते का नाही, कोणाले माहीत? संकटात असलेल्याले पक्की वस्तू द्यायची. आन दुसरं म्हणजे तिची नळी लांब हाय. अरुंद जागेतून एकामागं एक निघायचं असलं तर तेच कामी पडते. आमच्या काळी तर गळ्यातली नव्हतीच बाप्पा. एकच चोखणी, दोन श्वास तुहे, दोन त्याचे, असं करत वर यायचो."

पहिल्या सरावाला बबनराव स्वतः अश्वजितबरोबर खाली गेले. तळाला गेल्यावर त्यांनी त्याची हवा बंद केली, आपल्या तोंडातली चोखणी काढली आणि त्याच्यासमोर धरली. अश्वजितनं पाहिलं. रबरावर दातांचे ठसे, कडेनं बुडबुडे. त्याचा हात पुढं झाला तो घ्यायला नाही, बाजूला सारायला. मान हलवली, दम कोंडला आणि सरळ वर निघून आला, विहिरीतल्या जुन्या सवयीनं.

बबनराव वर आले ते फणफणतच. "बह्याडा, मरायचं हाय का तुले? टाकीतली हवा छातीत घेऊन दम कोंडून वर येते का कोणी? वर येता येता ते फुगते! फुप्फुस फुटून मेला असता इथल्या इथं! पाहिला न तुहा दम, ठेव तो घरी! आन चोखणी काहून नाही घेतली?"

अश्वजित खाली मान घालून म्हणाला, "कोणाच्या तोंडातलं घेत नाही मी."

बबनराव बघतच राहिले. त्यांनी कारण विचारलं नाही. त्या मुलुखातला माणूस, त्यांना ते कळलं असावं. पण आवाज काही उतरला नाही. "मान हाय तुह्या घरच्या रीतीचा. पण पाण्यात माहीच रीत चालन. जो जोडीदाराच्या तोंडातलं घेणार नाही, त्याले मी धरणात उतरवणार नाही. आठ दिवस देतो."

अश्वजितनं ते आठ दिवस कसे काढले ते त्यालाच ठाऊक. आईला विचारायची सोय नव्हती. विचारलं तर ती नाही म्हणणार, आणि तिचं नाही म्हणजे नाही. आणि धरण सोडायचं म्हटलं तर पुन्हा तीच विहीर, तोच एक श्वास, तोच उशीर. ते तर त्याला अजिबात नको होतं. शेवटी राजकुमारनंच तोड काढली. मनाचा मोठा पोरगा, पण अक्कल बघा!

"अबे, कायले जीव जाळून राह्यला?" तो म्हणाला. "मी तुले गळ्यातली देईन. कोरी करकरीत. सर म्हणतात तोंडातली दे, आपण गळ्यातली देऊ. हवा तर एकच हाय ना दोन्हीत? आमच्या तांड्यावर पण पाव्हण्याले कोराच गिलास देतात. मीच तुले उष्टं देऊ, तर याडी मले घरात घेईन का?"

दोघांनाही ते एकदम पटलं. एकाला आईचा शब्द राखायचा होता, दुसऱ्याला दोस्ताचा मान. दोघंही सभ्य, आणि त्या सभ्यपणापायीच दोघांनी खड्ड्यात पाय घातला. आठव्या दिवशी बबनरावांना सर्दी झालेली. सर्दीत खाली गेलं तर कानाचे पडदे जातात, म्हणून ते विहिरीच्या पायरीवर बसून राहिले. खाली गढूळ पाणी. दोघं तळाला गेले, राजकुमारनं गळ्यातली चोखणी दिली, अश्वजितनं घेतली. नळी आखूड म्हणून दोघं गळामिठी घातल्यासारखे छातीला छाती लावून वर आले.

"जमलं?" बबनरावांनी विचारलं.

"जमलं," दोघं एका सुरात म्हणाले.

त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. पुन्हा पुन्हा सराव केला, बबनरावांची सर्दी हटेपर्यंत रोज. प्रत्येक वेळी तसाच, गळ्यातली द्यायची, गळ्यातली घ्यायची. दोघांच्या हातांना तेच वळण लागलं. चूक गोष्ट इतक्या निष्ठेनं कोणी घोकली नसेल!

धरणावर काम सुरू झालं. बबनराव भिंतीवर दोर धरून बसत, खाली हे दोघं. लोखंडी जाळीचा एक गज वाकवून शिरायला फट केली होती. तीतून पोटावर सरपटत, एकामागं एक, आत जायचं. पुढं अश्वजित विळा घेऊन, मागं राजकुमार कापलेल्या पऱ्हाट्या बाहेर ढकलायला. आत पहिल्या हालचालीलाच गाळ उठे आणि डोळ्यांपुढं बोट धरलं तरी दिसेना. बॅटरीचा नुसता पिवळा धुरळा. हातानं बघायचं, हातानं बोलायचं, आणि परत यायला हाताशी दोर.

काम संपत आलं होतं. शेवटचा गुंता राहिला होता, खाचेच्या अगदी कोपऱ्यातला. अश्वजितनं त्यात विळा घातला, पाय रोवले आणि ओढला. गुंता सुटला तो एकदम सुटला. अश्वजित मागं फेकला गेला, जाळीच्या एका तुटक्या गजाचं टोक त्याच्या नळीत घुसलं, आणि कानाशी असा काही भडाका उडाला की त्याला वाटलं बोगदाच फुटला. हवा होती ती, त्याचीच हवा, धो धो करत बाहेर चाललेली. पाठीमागची चावी बंद करायला त्यानं हात मागं नेला; हात पोचेना. चार-सहा श्वास मिळाले, मग ओढून ओढून एक, मग काहीच नाही.

त्यानं मागं हात मारला. राजकुमारचा खांदा लागला, तोंड लागलं. त्यानं त्याच्या ओठांवर बोटं आपटली. अंधारात हीच खूण होती, माझी हवा गेली.

राजकुमारनं क्षणाचाही उशीर केला नाही. जसा सराव केला होता तसंच केलं. गळ्यातली चोखणी ओढली आणि अश्वजितच्या तोंडात दिली. अश्वजितनं श्वास घेतला आणि घशात चिखल गेला. तासभर पोटावर सरपटताना ती गळ्यातली कोरी चोखणी गाळातून घासत आली होती आणि पऱ्हाटीची एक काडी तिच्या पडद्यात जाऊन बसली होती. हवेबरोबर पाणी, पाण्याबरोबर गाळ. त्यानं बटण दाबून ती साफ करायचा प्रयत्न केला, पुन्हा पाणी. छाती फुटायची वेळ आली.

राजकुमारला त्याची धडपड कळली. त्यानं सगळं बाजूला ठेवलं, आपल्या तोंडातली चोखणी काढली आणि अश्वजितच्या तोंडावर दाबली. आणि अश्वजितच्या हातानं काय करावं? त्यानं ती बाजूला सारली! मरायला टेकलेला माणूस, समोर हवा, आणि हात म्हणतो नको. जन्मभर हाताला जे शिकवलं तेच हातानं केलं. तो स्वतः नाही करत होता हो. तो आतून ओरडत होता, पण हात ऐकेना.

राजकुमारनं मग शिष्टाचार सोडला. एका हातानं अश्वजितचा जबडा धरला, बैलाला औषध पाजताना धरतात तसा, आणि दुसऱ्या हातानं चोखणी दातांत कोंबली.

हवा आली. कोरडी, गोड, भरपूर हवा. अश्वजितनं एक श्वास घेतला, खोकला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. राजकुमारच्या लाळेची, तंबाखूची चव होती तिला, आणि अश्वजितला त्या घटकेला जगात त्याहून चांगलं काही सापडलं नसतं. मग त्याच्या लक्षात आलं की दंडावरची राजकुमारची बोटं आवळत चालली आहेत. राजकुमारच्या तोंडात आता ती चिखलाची चोखणी होती आणि तो गुदमरत होता.

अश्वजितच्या आयुष्यातला तो खरा निर्णय. हवा तोंडात होती. सोडावी असं शरीरातला एक कण म्हणत नव्हता. त्यानं छाती भरून घेतली, चोखणी दातांतून काढली, चाचपून राजकुमारचं तोंड शोधलं आणि त्यात दिली. राजकुमारनं दोन श्वास घेतले आणि परत केली. अश्वजितनं दोन घेतले आणि परत केली. कुणी कुणाला खूण केली नाही. बबनरावांच्या जुन्या काळची ती रीत, नुसती ऐकलेली, कधी न केलेली, त्यांनी तिथं त्या काळोखात चालू केली.

लांब नळी म्हणूनच निभावलं. त्या फटीतून दोघं एकावेळी निघणं शक्य नव्हतं. आधी राजकुमार निघाला, उलटा, पाय पुढं करून; मागोमाग अश्वजित, दोर कोपराखाली धरून; आणि मधे ती नळी, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाहेर आल्यावर घाई करून वर उसळायची इच्छा दोघांनाही झाली असेल, पण अश्वजितनं राजकुमारचा पट्टा धरला आणि हळूहळू, बुडबुडे सोडत सोडत, दम न कोंडता त्याला वर आणलं. का राजकुमारनं त्याला आणलं? दोघांना विचारा, दोघं एकमेकांचं नाव सांगतात.

भिंतीवर पडल्या पडल्या दोघांनी चिखल ओकला. बबनरावांनी दोघांच्या पाठी चोळल्या, पाणी पाजलं, आणि मग फाटलेली नळी, गाळानं भरलेली गळ्यातली चोखणी हातात घेऊन नुसतं बघितलं. त्यांना सांगायची गरज पडली नाही.

"सरावात कोणती देत होते?" त्यांनी विचारलं.

अश्वजितनं त्या गाळानं भरलेल्या चोखणीकडे बोट दाखवलं.

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "तुमी मले फसवलं नाही, पोट्टेहो. तुमी एकमेकाले फसवलं."

अश्वजित घरी आला तो थेट आईसमोर जाऊन बसला. पंचफुलाबाई तूर निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, विहिरीतल्या लबाडीपासून. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "माय, तुह्या धुराची आण मोडली म्या. राजकुमारच्या तोंडातलं घेतलं. एकदा नाही, किती खेप घेतलं ते मोजलं नाही."

पंचफुलाबाईचा हात सुपात थांबला. ममता दाराआड उभी. आता काय होतं बाई!

"त्याच्यापाशी दुसरं होतं का?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"नाही. तेवढंच होतं."

"त्याचं पोट भरलं होतं का? म्हंजे, हवा घेऊन झाली होती का त्याची?"

"नाही माय. तो मरून राह्यला होता माह्याबरोबर."

म्हातारीनं मुठीतली तूर सुपात टाकली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती रागानंच बोलली, कोणावर राग होता देव जाणे. "बैताडा, माह्या मायच्या टोपल्यात जे पडे ते त्याहीचं पोट भरल्यावरचं होतं. नको झालेलं. कुत्र्याले टाकाचं ते आमाले. ते उष्टं! ते माह्या बापानं जाळलं. अन् हे पोरगं मरता मरता आपल्या तोंडातलं काढून देते, अन् तू त्याले उष्टं म्हणतं? अन् हात सारतं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू परत देल्लं का त्याले?"

"देल्लं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि पुन्हा तूर निवडू लागली. थोड्या वेळानं सूप बाजूला सारून उठली. "चाल. त्या बबनरावाकडे जाऊ."

फाटकाचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. बसलं. याच दोघांनी बसवलं. पुढे अश्वजितनं अशी बरीच फाटकं बसवली, उमरखेडपर्यंत त्याला बोलावणी येऊ लागली, आणि विहिरींवरही तो पाठीला टाकी लावून जाऊ लागला. पण खडकीतली माणसं फाटकाचं सांगत नाहीत. ती त्या सकाळचं सांगतात.

बबनराव काही सहजासहजी ऐकणारे नव्हते. पंचफुलाबाईनं हात जोडले नाहीत, विनवणी केली नाही, एवढंच म्हणाली, "साहेब, चूक माह्या घरातून झाली, ते माह्यासमोर सुधरू द्या." तेव्हा त्यांनी अट घातली. पाण्यात नाही. आधी वर, विहिरीच्या काठावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

गाव जमलं. का जमणार नाही! पायऱ्यांवर, काठावर, लिंबाच्या झाडाखाली माणसंच माणसं. तांड्यावरून किसनसिंग आला, राजकुमारची आई रुपीबाई आली. दोघं पोरं टाक्या लावून समोरासमोर उभी राहिली. बबनरावांनी हात वर केला. अश्वजितनं गळ्यावरून आडवा हात फिरवला, हवा गेल्याची उजेडातली खूण. राजकुमारनं तोंडातली चोखणी काढली आणि लांब हात करून पुढं धरली. लाळेची तार लोंबत होती तिला, उन्हात चमकत होती. पायऱ्यांवर कोणीतरी घसा खाकरला.

अश्वजितनं चोखणी हातात घेतली. या वेळी हातानं सारली नाही, पण जुनी सवय इतक्या लवकर थोडीच जाते. त्यानं सदऱ्याचं टोक उचललं आणि तिला लावायला नेलं.

"पुसू नको," पंचफुलाबाई काठावरून म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, साऱ्या गावानं ऐकावं असं. "अश्वजित, पुसू नको बापू. तशीच घे."

अश्वजितनं सदरा सोडला. चोखणी तोंडात धरली आणि छाती भरून श्वास ओढला, आणि त्या श्वासाचा आवाज विहिरीच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला.